सस्पेन्स खातं

छत्तीस वर्षं मी ए. जी. ऑफिसात
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
रिटायर झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि नजर राहिली तशीच राहिली,
कुठल्याही कागदावर आधी सही बघणारी,
मजकूर मागाहून.

म्हणून दौलतगंजच्या भंगारवाल्याकडे
ही तबकडी हातात आली तेव्हा
मी आधी लेबल वाचलं:
लश्कर फॉक्सट्रॉट. रचना: आर. फुर्तादो, बँडमास्तर.
उलट्या बाजूला कुठलंसं अमेरिकी ब्लूज,
खाली दोन आडनावं,
त्यातलं दुसरं, माझा अंदाज, छापखान्याच्या मालकाचं.
तिकडेही पावती दुकानदारच फाडत असणार.

वर्षभराने तीच चाल पुन्हा सापडली,
वेगळ्या कंपनीची, लाल लेबल,
आणि रचनेच्या जागी फक्त: पारंपरिक.

हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा.
आमच्याकडे त्याला सस्पेन्स खातं म्हणतात.
रक्कम आली, कुणाची ते कळेना,
तोवर इथे टाका.
तोवर म्हणजे किती, हे कुठल्याच नियमात नाही.

मुरारला फुर्तादोची नात भेटली,
एस्पेरांसा, छावणीच्या दवाखान्यातली जुनी नर्स.
तिने चहात ब्रेड बुडवला, तो गळून पडला,
ती चमच्याने शोधत राहिली.
मग म्हणाली, ही धुन आजोबांची नव्हे.
घरात कुणी लावली
की ते उठून बाहेर जाऊन उभे राहायचे.

मग बँड खात्याची कीर्द. मोडी. वाळवी.
वाचायला गुळवणी मास्तरांना रिक्षात घालून नेलं,
वय एक्याण्णव, भिंगातून सगळं दिसतं,
ऐकू काही येत नाही.
ज्या चालीसाठी मी त्यांना उन्हातून नेत होते
ती त्यांना ऐकवायची सोय नव्हती.
तिसऱ्या दिवशी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं:

सोनकुंवर, राहणार तारागंज,
इंजिनशेडपाशी कोळसे वेचणारी,
नव्या चालीबद्दल रुपये दोन.
खाली अंगठा.

मी खुर्चीतून अर्धी उठले होते.
मास्तर म्हणाले, थांबा.
इथे कागद फाटलाय. चाल नसेल, चाळ असेल.
होळीचा जलसा होता त्या महिन्यात,
घुंगरांचे चाळ, जोडी एक, रुपये दोन.
भाव बरोबर बसतो.

मी त्यांच्या कानाशी ओरडले,
कोळसे वेचणारीकडे चाळ कुठले?
ते म्हणाले, आधी वेचत नसेल कोळसे.
आणि गरज आली
की पहिलं पायातलंच जातं.

भिंग तिच्या अंगठ्यावर धरलं.
रेघा एका बाजूला दाट, मधे पुसट,
एक आडवा छेद, कापल्याचा असेल
किंवा कागदाचीच घडी.
एवढी सही मी आयुष्यात कुणाची वाचली नव्हती,
आणि वाचता आली नाही.

रात्री तबकडी लावते.
क्लॅरिनेट एका जागी अडतं,
खाली वाकतं, काहीतरी उचलल्यासारखं,
वर येताना सूर किंचित उतरलेला.
हा पुरावा होत नाही.
माझ्या हाताखालच्या पोरांनी असलं काही लिहून आणलं असतं
तर मी फाईल परत केली असती.

लेखापरीक्षकाने कधी खोडायचं नसतं.
फुर्तादोचं नाव आहे तिथेच आहे.
शेजारी हिरव्या पेन्सिलीने
मी बारीक अक्षरात लिहिलंय:
सोनकुंवर, तारागंज. दोन रुपये कशाचे?
उत्तर आल्याशिवाय
आक्षेप निकाली काढू नये.

लेबल गुळगुळीत आहे,
पेन्सिल नीट उमटत नाही.
दर काही महिन्यांनी परत गिरवावं लागतं.