एकशे एक जोड

त्यानं भाव केला नाही,
तेव्हाच मला समजायला हवं होतं.
पापाच्या तिकटीवर भाव न करता
चप्पल घेतो तो एकतर नवरदेव,
नाहीतर परगावचा.
हा तर मंगळवार पेठेतला,
दिंडे मास्तरांचा शार्दूल,
बोटांच्या पेरांत निळा रंग सुकलेला.

"मावशी, एकशे एक जोड."
"मापं?"
"कुठलीही चालतील."

सुभाषनगरात आमच्या घरी तीन महिने
दुसरं काही झालं नाही.
हिरडा-बाभळीत मुरलेलं कातडं मालकांनी कापलं,
तळ ठोकले, कान लावले,
मी वेण्या घातल्या.
वादी दातात धरून ओढायची,
माझ्या पुढच्या दातावर त्याची खाच आहे.
सासूबाईंच्याही होती.
कुठलीही चालतील म्हणाला, तरी
हात कुठलंही करत नाही.
सहा नंबर करताना मनात नणंद यायची,
नऊला तालमीतला बंडा,
आणि एक चार नंबर, लाल गोंड्याचा,
कुणाचा ते मी मालकांनाही सांगितलं नाही.

रविवारी दसरा चौकात त्यानं रास केली.
वर फलक: "आमचे पाय कापून नेले."
परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं
आमचीच चप्पल, आमचं नाव पुसून
लाखाला विकली होती, त्याचा निषेध.
खोटं काही नव्हतं त्यात.
निवेदनावर माझीही सही आहे,
टेबलाशी वाकून, जपून केलेली.
मग त्यानं डिझेल ओतलं.

कातडं झटकन पेटत नाही.
आधी आक्रसतं, मूठ वळल्यासारखं,
मग वास सुटतो,
ज्या वासापायी आम्हाला
गावाबाहेर ठेवलं होतं, तो.
लोकांनी एका हातानं नाकाला रुमाल लावले,
दुसऱ्यानं फोन वर धरले.
टाळ्या पडल्या. मीही एक वाजवली,
एकच, तीही अर्धी राहिली.
लाल गोंडा सगळ्यांत आधी गेला.

रात्री मालक म्हणाले, "पैसे पुरते दिले की त्यानं.
विकलं ते विकलं. कुणी पायात घालंल,
कुणी ट्रकला टांगंल नजर लागू नये म्हणून."
खरं आहे.
उद्या त्यानं त्याचं चित्र जाळलं
तर मी कोण बोलणार?
पण चित्र त्यानं काढलेलं असतं.
इथं जाळ त्याचा, आणि दात माझे.
अंथरुणात पडून मी हे मांडत राहिले,
धड बसेना.
चोरानं नेलं तेही न विचारता,
यानं जाळलं तेही...
नाही, हे जरा जास्त झालं.
यानं मावशी म्हटलं होतं.

सोमवारी चौक झाडणारी सगुणा भेटली.
"एवढी राख, आन् एक खिळा न्हाई गं सापडला?"
"आमच्यात खिळा नसतोच," म्हटलं.

परवा तो पुन्हा आला. पुण्यात प्रदर्शन आहे,
पाचशे एक जोड हवेत.
मालकांनी कानामागची पेन्सिल काढली,
कातड्याचा हिशेब सुरूही झाला.
घरात सिलिंडर संपत आलेला.
मी विचारलं, "मापं?"
तो हसला. "मावशी, तुम्हाला माहितीये की."
"न्हाई माहिती. तुझं माप किती?"
"आठ."

चार दिवसांनी आठ नंबर त्याच्या हातात दिला.
वेणी नऊ वाद्यांची,
इतकी मी लग्नाच्या जोडालाही घालत नाही.
पैसे घेतले नाहीत.
म्हटलं, "पाचशेचं मागनं बघू.
आधी हा पायात घाल,
महाद्वारातनं रंकाळ्यापर्यंत चालत जा,
करकर ऐकू दे लोकांना.
परत आल्यावर जाळावा वाटला
तर तुझाच हाय, जाळ."

उंबऱ्यावर बूट काढायला तो वाकला.
लेसची गाठ सुटेना त्याला.
"पहिले आठ दिवस चावतील," मी म्हटलं,
"तेल लाव."