तीन ते चार

वुंपिनी टमालेला, मी अक्रात.
मध्ये सहाशे किलोमीटर, आणि विद्यापीठाचा एक कागद,
ज्यात माझ्या नावापुढे लिहिलंय : मार्गदर्शक.

मला हे नको होतं, खरं सांगते.
मी काम शिकले ते लार्टेसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत.
त्यांनी बसवून शिकवलं असं काहीच नाही.
फोनवर ठेकेदाराला 'नाही' म्हणायच्या आधी
ते हातातली पेन्सिल खाली ठेवायचे,
एवढं मी पाहिलं.
बावीस वर्षं मीही ठेवते.
आता हे घरबसल्या इंटर्नला
कुठल्या फाइलला जोडून पाठवू?

पहिले दोन आठवडे तो फार गुणी वागला.
सकाळी आठला 'गुड मॉर्निंग मॅडम',
संध्याकाळी 'झालं मॅडम',
मधला दिवस कोरा.
अडलं तर विचार, म्हटलं होतं मी.
विचारत नाही म्हणजे अडत नाही,
असं धरून चालले. सोयीचं होतं ते.

मग एक्क्याऐंशी बोअरवेलचा तक्ता आला,
आणि एका गावात माणशी पाणी इतकं
की गाव वाहून जावं.
रकाना लिटरचा. त्याने गॅलन समजून
साडेचारने गुणलेला.
तीन दिवस त्याला शंका होती.
तीन दिवस!
'मग विचारलं का नाहीस?'
त्याच्या खिडकीत हरमटानची धूळ,
भुवयांवरही तीच.
म्हणाला, 'तुमच्या नावापुढे लाल ठिपका होता, मॅडम.
हिरवा होईल म्हणून बघत बसलो.'

मला तर ठाऊकही नव्हतं
मला ठिपका आहे.

दुसऱ्या दिवसापासून तीन ते चार लाइन चालू.
विषय नाही, अहवाल नाही, चेहरा दाखवायचा नाही.
तू तुझं कर, मी माझं करते,
नुसता आवाज राहू दे.

पहिल्या दिवशी तासभर त्याने श्वास रोखला असावा.
मला ऐकू आलं त्यांच्याकडचं एक कोंबडं, वेळ चुकलेलं,
आणि अंगणात कुणीतरी सुरण कांडत होतं.
त्याला ऐकू गेला असेल आमच्या खालच्या टायरवाल्याचा हातोडा,
आणि मी पुटपुटत केलेली बेरीज,
चुकलेली, परत केलेली, परत चुकलेली.
चौथ्या दिवशी पंपवाल्याशी भांडून मी फोन आपटला
तर टमालेहून हळूच :
'पण त्याचं बरोबर नव्हतं का?'

होतं.
मी पंपवाल्याला परत फोन लावला.
त्यानंतर मुलगा दिवसाला दहा प्रश्न विचारू लागला,
त्यातले सात बावळट, आणि एक
ज्याने आमचा सगळा तक्ता बदलला.

महिनाअखेरीस कळलं, निम्मा भत्ता डेटाच गिळतोय.
हिशेबनीसाला विचारलं,
'इथे येऊन बसला असता तर खुर्ची, पंखा, वीज कुणाची?'
'आपली.'
'मग ही त्याची खुर्चीच समज.'
त्याने सही केली. हसला मात्र नाही.

मार्चमध्ये तो आठवडाभरासाठी आला, रात्रभर बसने.
स्क्रीनवर एवढासा होता,
इथे दाराच्या चौकटीला डोकं टेकत होतं.
शेजारची खुर्ची मी पुसून ठेवलेली.
बसला, बॅग मांडीवर घेऊन,
आणि दोन हातांवरून मला मेसेज :
'गुड मॉर्निंग मॅडम.'
मीही मान न वळवता टाइप केलं : 'बोल.'

बोलला शुक्रवारी, बस पकडायच्या तासभर आधी.
'आंटी झिफा, एक विचारू?
तीन ते चारमध्ये, तुम्ही कुणाला नाही म्हणायच्या आधी
दर वेळी एक टक् येते.
ती काय असते?'

मी पेन्सिल उचलली, टेबलावर ठेवली.
टक्.

'हां,' तो म्हणाला,
'मला वाटायचं, लाइन तुटतेय.'