दुसऱ्या संचातला वजीर

गावभागातल्या शाळेचा हॉल.
खिडकीच्या वर पुराची रेघ,
दोनदा रंग मारला तरी दिसतेच.
रेघेच्या पार खाली, सात नंबरच्या टेबलावर
आम्ही दोघं.

यादीत त्याच्यापुढं दोन हजार सव्वीस,
माझ्यापुढं चौदाशे अडतीस.
अन्वय दामले, पुणे. वय अकरा.
खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते.
मी आण्णाप्पा मगदूम, हळदीच्या सौद्यात तोलार,
रजा काढून आलेला, नखांत पिवळं तसंच.
वजिरापुढचं पांढरं प्यादं दोन घरं सारलं
आणि पहिल्याच चालीत त्याला हळद लागली.

तो खेळायचा, बटण दाबायचा,
उठून दुसऱ्यांचे डाव बघत फिरायचा.
माझ्यासमोर रिकामी खुर्ची.
काट्यावर पोतं ठेवलं
की काटा थरथरायचा थांबेस्तोवर बोलायचं नाही,
तीस वर्षांत मी एवढंच शिकलो.
तेच करत बसलो.

एकतिसाव्या चालीनंतर
पाणी प्यायला उठलो.
माठापाशी ग्लास भरला, तसाच धरून उभा राहिलो.
परत आलो तर त्यानं घोडा हलवला होता
आणि स्वारी पुन्हा पहिल्या टेबलाकडं.

चाळिसाव्या चालीपासून मात्र तो उठेना.
कान लाल. पेनाचं टोपण दातात.
माझं तेच पिवळं प्यादं
सहाव्या घरात, सातव्या घरात,
आणि मग मी हात वर केला : वजीर पाहिजे.

आमचा मेलेला वजीर
कुठल्याशा टेबलानं उसना नेलेला.
पंच वाकळेबाईंनी कपाटातून दुसरा आणला,
लाकडाचा, बोटभर उंच,
आमच्या प्लास्टिकच्या वऱ्हाडात
परगावचा पाव्हणा उभा राहावा तसा.

त्यानं घड्याळ थांबवलं. हात पुढं केला.
लहान हात, घामेजलेला.
रडेल अशी भीती मलाच होती.
तो सोंगट्या परत मांडायला लागला,
भराभर, एकतिसाव्या चालीपर्यंत.

"काका, इथं मी हत्ती दिला असता तर?"
"तीन चालींत मात."
"तुम्हाला दिसलं होतं?"
"खेळून हात काढला आणि दिसलं."
"मग?"
"मग काय. पाणी प्यायला गेलो.
तोंडावर दिसलं असतं."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच
त्यानं पट सोडून माझ्या तोंडाकडं बघितलं.
बराच वेळ.
हत्ती हातातच होता.