चार मोजून मग बोल

कार्गोच्या खिडकीमागच्या माणसाने विचारलं, वजन किती?
आणि मला खातू सर ऐकू आले:
"लगेच उत्तर देऊ नकोस गं. चार मोज. मग बोल."
मी चार मोजले.
मागे उभा असलेला एकजण म्हणाला, जल्दी करो, मॅडम.

विश्राम सखाराम खातू, गाव साखरपा.
वादी कबीरला सुट्या भागांच्या गोदामात
सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर.
फॅनबेल्ट, गॅस्केट, क्लचप्लेट, सगळ्यांचे नंबर पाठ.
शुक्रवारी सकाळी मात्र रुवीत, आमच्या इमारतीच्या तळघरात,
पार्किंगच्या दोन पिवळ्या रेघांमध्ये
राजा, शिपाई, सावकाराची विधवा आणि
उशिरा येणाऱ्याला भूत.

आम्ही मस्कतात जन्मलेली पोरं.
आमच्या तोंडात ळ नव्हता.
आम्ही आभाळाला आभाल म्हणायचो
आणि ते बघायलाही फारसे बाहेर पडायचो नाही.
सर जिभेवर खडीसाखर ठेवायला लावत.
"जीभ मागे वळव. अजून मागे.
पार घाट उतरून साखरप्यापर्यंत ने. हां.
आता म्हण. काळ. गाळ. सावळी. जवळ."
"जवळ" यायला मला दोन उन्हाळे लागले.

तळघरातला एक्झॉस्टचा पंखा घरघरत राही.
हा तुमचा पहिला प्रेक्षक, सर म्हणत,
याला तिकीट नाही, झोप नाही, दया तर नाहीच.
याच्या डोक्यावरून बोला.

देवमाणूस वगैरे नव्हते.
प्रथमेशला चप्पल फेकून मारली होती,
त्याच्या आईला तोंडावर सांगितलं होतं,
मुलाचा आवाज म्हणजे शिट्टी न होणारा कुकर.
मला नऊ वर्षांत एकदाही नायिका दिली नाही.
"तू पडदा सांभाळ. तुझे हात वेळेवर येतात."
याचा राग मी लग्नापर्यंत जपून ठेवला,
नंतरही थोडा.

त्यांचं काम मी नीट पाहिलं ते एकदाच,
दार्सेतच्या हॉलमध्ये, पडद्याची दोरी हातात धरून.
म्हातारा पोस्टमन. तिसऱ्या अंकात
स्वतःच्याच नावाचं पत्र फोडतो,
वाचतो, घडी करतो, खिशात ठेवतो.
संवाद नाही. पत्रात काय आहे, लिहिणाऱ्यानेही सांगितलेलं नाही.
चार नव्हे, त्यांनी चाळीस मोजले असतील.
हॉलमध्ये बांगडीसुद्धा वाजली नाही.
पहिल्या रांगेत त्यांच्या गोदामातला हमूद,
एक वाक्य उशिरा हसणारा,
दिशदाशाच्या बाहीने डोळे पुसत होता.
मी नंतर तो कागद उचलून पाहिला:
गोदामाचं चलन. क्लचप्लेट, नग बारा.

हमूदला मराठीचे दोनच शब्द येतात,
"पुन्हा" आणि "चला", तालमीत ऐकलेले.
काल शवागारात तो कहव्याची किटली घेऊन आला,
सगळ्यांना खजूर दिले,
आणि गाडीचं दार लागलं तेव्हा
म्हणाला, चला.

फॉर्मवर सह्या माझ्या.
पाच प्रती. हात वेळेवर आले, सर.
सामानात एक दाढी, दोन मिश्या,
स्पिरिट गमची अर्धी बाटली, ती विमानात चालत नाही.
ती मी ठेवून घेतली.

रात्री साखरप्याहून फोन. काकू.
पेटी किती वाजता उतरेल, कोण न्यायला येईल,
हे सगळं झाल्यावर जरा थांबून:
"मी कधी बघितलं नाही गो त्यांचं नाटक.
सुट्टीत यायचे ते छप्पर शाकारायला, नळ दुरुस्त करायला.
चांगलं करायचे का?"

एक. दोन.
पंखा घरघरत होता, खाली कुणीतरी गाडी लावत होतं.
तीन.
चार.
पाच झाले, सहा झाले,
माझ्याकडे ओळ नव्हती.

"हॅलो? आहेस ना गो?"

आहे काकू. इथेच.
दाराजवळ.