लाल ब्लँकेट

पुतण्या म्हणाला, काका, नऊचा शो आहे, चला.
तिकिटं त्यानंच काढली, बाह्या दंडापर्यंत दुमडून.
एम.वाय.च्या ड्रेसिंग रूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला
तो ग्रीसची लढाई दाखवायला निघाला होता.

पडदाभर तांब्याचं आभाळ.
राजा उघडा, एक ढाल, एक लंगोट,
हिंदीत गरजतो. ओठ आधी मिटतात,
गर्जना मागून संपते.
आणि रक्त उडतं ते सावकाश,
सराफ्यातल्या जलेबीवाल्याच्या मुठीतून पीठ सुटावं तसं,
वळसे घेत,
आणि खाली पडतच नाही.

मी पडायची वाट बघत राहिलो.
आमच्याकडे पडायचं.
फरशीच्या फटीत शिरायचं, तपकिरी व्हायचं.
गेंदालाल फिनाईल ओतून ओतून थकायचा,
सकाळी माश्या हजर.

एकानं मित्राच्या छातीतला भाला सर्रकन ओढला
आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो,
अरे काढू नकोस, राहू दे आत,
बाजूनं गॉज भर, दाबून धर!
मागून आवाज आला, भिया, बैठ जाओ.

बसलो.

शत्रूंना तोंडं नव्हती, नुसते मुखवटे.
कड्यावरून लोटले की पुन्हा येत.
त्यातला एक जाडसर, डावा पाय ओढणारा,
माझ्या मोजणीत तीनदा मेला.
केसपेपर एकाचाही नाही.

इंटरव्हलला पुतण्या सांगू लागला,
त्या लाल शाली कशासाठी, माहितीये?
रक्त दिसू नये म्हणून. शत्रूला कळू नये म्हणून.
हे मात्र मला माहीत होतं.
आमच्या स्टोअरमध्येही लालच ब्लँकेटं यायची,
कोपऱ्यावर नंबर शिवलेला.
दिवे गेले की परांडेकर सिस्टर
त्यांवरून हात फिरवत जायच्या,
कुठे ओलं, कुठे कडक.
नातेवाइकांना काही दिसायचं नाही.

साडेबाराला सराफा. थंडी.
पुतण्या हातवारे करून अख्खी लढाई पुन्हा लढला,
मग गराडूवर लिंबू पिळताना
आई गं, म्हणून ओरडला.
दाखव, म्हटलं.
करंगळीवर चीर. कागदानं कापावं एवढी.
काही नव्हतं.
तरी रुमाल काढला, दाबून धरलं,
हवं होतं त्याहून जरा जास्तच वेळ.
सोडा ना काका, लोक बघतायत, तो म्हणाला.

रुमाल पांढरा होता.
गराडू गार झाला.