फहाहीलमधली रात्रपाळी

येर्बाचा तुंबा नळीसकट माझ्याकडे सरकवते
डॉक्टर वहीबा. घोट कारल्याहून कडू.
बाहेर रिफायनरीची ज्योत, आत डायलिसिसची घरघर.

टीव्हीवर बातम्या सांगणारी तिच्या गावची.
पुढच्या पुलाचा इंजिनिअर तिचा मामेभाऊ.
एक न्यायाधीश, एक ऊद वाजवणारा,
आणि सफरचंदांचा एक व्यापारी,
जो या सगळ्यांवर ओरडतो.
एवढ्याशा डोंगरात एवढे?

"आत्मे मोजकेच रे," ती म्हणते,
"तेच पुन्हा पुन्हा कामाला लागतात.
शेजारचा नायफ तीन वर्षांचा असताना म्हणाला,
मागच्या खेपेला किल्ली चुलीमागं ठेवली होती.

होती."

चार नंबरचं मशीन ओरडतं.
ती उठते, मागोमाग मी.
चिपळूणचं कुलूप आठवतं.
किल्ली कुणाकडे दिली,
ते नाही.