हद्दखूण

दहिसर नाक्याच्या अलीकडे साहेबांनी दुर्बीण लावली
आणि मी पट्टी धरून शिरलो
कुंजुमोनच्या पंक्चरच्या दुकानात.
डावीकडे, साहेब ओरडले. अजून. अजून थोडं.
माझा पाय पाण्याच्या टबात गेला तेव्हा म्हणाले, बस्स.

म्हणजे रुंद झालेल्या रस्त्याची कड टबातून जाणार.
टबाच्या अलीकडचं सगळं रस्त्याचं.
पलीकडे एक स्टूल उरत होतं
आणि पान्यांचं डबडं, अर्धं.

कुंजुमोन ट्यूब बुडवून बसला होता,
बुडबुडा कुठून येतो ते बघत.
मान वर न करता त्यानं विचारलं,
"किती लेनचा?"
आठ, मी म्हटलं. शिवाय सर्व्हिस रोड.
"मागच्या वेळी पण मीच सरकलो," तो म्हणाला.
"तेव्हा मागे जागा होती."

खूण करायला भिंत नव्हती.
पत्रा इतका गंजलेला की रंग धरेना.
टायरांची चळत होती, माझ्या छातीपर्यंत.
वरून तिसऱ्यावर लाल बाण काढला,
शेजारी आकडा, साहेबांनी सांगितला तसा:
चोवीस अधिक सहाशे चाळीस.

आठवड्यानं गेलो तर चळत कमरेपर्यंत.
बाण नाही.
"रात्री भरुचचा ट्रक आला. त्याला तोच बसला.
धंदा आहे, काय करू?"

साहेबांनी नकाशा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.
मी तोंड फिरवून हसलो.
सरकारची हद्द गरगरत निघाली होती
घोडबंदरचा फाटा, विरार फाटा, मनोर मागे टाकत,
बाण एकदा आभाळाकडे, एकदा डांबराकडे,
आणि मनोरच्या पुढे कुठेतरी ढाब्यावर
ड्रायव्हर जेवत असताना
खाटेखाली झोपलेल्या कुत्र्याकडे.

मग लोखंडी खुंटी ठोकली. ती हलली नाही.
यादीत दुकानापुढे लिहून आलं: तात्पुरतं बांधकाम.
एकोणीस वर्षं झाली होती.
कुंजुमोननं टब उलटा केला, पाणी
खुंटीच्या बाजूनं वाहत
जुन्या रस्त्यावर गेलं.

वहीतलं ते पान अजून फुगलेलं आहे.
त्या दिवशीचं पाणी उडालं होतं, शाई पसरली.
ऑफिसातल्या टंकबाई विचारतात,
हा सहा, की शून्य?
मी पान खिडकीच्या उजेडाला धरतो
आणि बराच वेळ काही सांगत नाही.